दोष पैशाचा नव्हे

मराठी भयविनोदी चित्रपट उणा पडला की ठरलेले उत्तर मिळते : बजेट तुटपुंजे होते, एवढ्या पैशांत एवढेच जमणार. आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’बद्दलही (२०२२) हेच बोलले गेले. हे मत मला मान्य नाही.

पैशांची चणचण खरी आहे, पण तिच्यामुळे भय उणावते हे खरे नाही. ‘झपाटलेला’मधला (१९९३) तात्या विंचू म्हणजे रामदास पाध्यांचा एक बोलका बाहुला, त्याने एका पिढीची झोप उडवली आणि तिला पोटभर हसवलेही. जपानच्या शिनिचिरो उएदा यांनी ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) जेमतेम तीस लाख येनांत केला; त्यातली सुरुवातीची सदतीस मिनिटे एकाच सलग शॉटची आहेत. इतके लांब जायचीही गरज नाही. शहापूरच्या डोंगरपट्ट्यापासून जव्हार-मोखाड्यापर्यंत बोहाडा हा मुखवटे घालून सोंगे नाचवण्याचा लोकोत्सव रंगतो. कागदाच्या लगद्याचे मुखवटे, मशाली, संबळ, एवढेच भांडवल. सोंग घेणारा आपल्याच गावातला, हे पोरांनाही ठाऊक असते. तरी राक्षस अंगावर धावून आला की ती किंचाळतात आणि पुढच्याच क्षणी हसतात. भय आणि विनोद एकत्र नांदत नाहीत, या दुसऱ्या आक्षेपाचेही उत्तर इथेच मिळते.

शिवाय ‘झोंबिवली’त पैसा लागतो तिथे चित्रपट कमी पडतच नाही. रंगभूषा चोख आहे, धावपळीची दृश्ये दमदार आहेत. तो कमी पडतो आशयात. उंच इमारत, शेजारची वस्ती आणि दोघींमधला पाण्याचा प्रश्न ही त्याने मांडलेली बाजू विलक्षण होती. पण झोंबींचा लोंढा आला की पाणी मागे पडते आणि उरतो तो पाठलाग.

त्या पाण्याचा माग घेत कथा वर चढली असती तर? चित्रपट घडतो त्या डोंबिवलीच्या एमआयडीसीला पाणी पुरवणाऱ्या बारवी धरणासाठी मुरबाड तालुक्यातल्या माणसांची घरे-शेते बुडिताखाली गेली. शेजारच्या शहापुरात तानसा धरण १८९२पासून मुंबईची तहान भागवते आहे, भातसाही तिथेच आहे. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोळ्यांसमोर भरलेले धरण आणि डोक्यावर रिकामा हंडा, याहून भेसूर दृश्य कोणते संगणकी तंत्र उभे करणार? ते चित्रित करायला जादा रुपया लागला नसता.

म्हणून उणीव संहितेची आहे, तिजोरीची नाही. बजेटची सबब पुढे करून आपण लेखकाला मोकळे सोडतो आणि पुढचा चित्रपटही तसाच निघतो. भयपट लिहू पाहणाऱ्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे : निर्माता शोधण्याआधी एप्रिल-मे महिन्यांत शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर चार दिवस राहा, तिथल्या आयाबायांबरोबर पाण्याला जा, आणि मगच पहिले दृश्य लिहा.