युनिक्स : परवाना आणि प्रमाण

एखादी ऑपरेटिंग सिस्टीम ‘युनिक्स’ ठरते ती तिच्या कोडमुळे, की तिच्या वर्तनामुळे? या प्रश्नाच्या उत्तरासाठी संगणक उद्योगाला सुमारे पंचवीस वर्षे लागली.

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख निर्माते. मालक कंपनी एटी अँड टी हिला १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे दूरसंचाराखेरीज अन्य व्यवसायात उतरण्यास मनाई होती. त्यामुळे विद्यापीठांना ही प्रणाली अल्प शुल्कात, सोर्स कोडसह मिळे. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर. तो हाती असला की प्रणालीत हवे ते बदल करता येतात. मात्र १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने हा कोड वर्गात शिकविण्यास बंदी घातली.

१९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन झाले आणि व्यवसायाची वाट मोकळी झाली. परवाना घेतलेल्या कंपन्यांनी आपापले बदल केल्याने एका युनिक्सवरील प्रोग्रॅम दुसरीवर चालेनासे झाले. एटी अँड टीने १९८५ मध्ये स्वतःचे प्रमाण जाहीर केले आणि ते पाळणाऱ्यालाच ‘सिस्टीम व्ही रिलीज ३’ हे नाव वापरू देण्याची अट घातली. प्रतिस्पर्ध्यांना हे वर्चस्व रुचले नाही. १९८८ मध्ये आयबीएम, डिजिटल, एचपी आदी कंपन्यांनी स्वतंत्र आघाडी उभारली. त्याच वर्षी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे ‘पॉसिक्स’ हे प्रमाण आले. कोड कोणाचा, हे ते पाहत नाही. प्रोग्रॅमला अपेक्षित प्रतिसाद मिळतो का, एवढेच पाहते.

कोडच्या मालकीचा वाद न्यायालयातही गेला. बर्कलेच्या बीएसडी युनिक्सवरील १९९२ चा दावा १९९४ मध्ये तडजोडीने मिटला. सुमारे १८ हजार फायलींपैकी केवळ ३ काढाव्या लागल्या.

आज ‘युनिक्स’ हा ट्रेडमार्क ‘द ओपन ग्रुप’कडे असून, ठरलेल्या कसोट्यांना उतरून शुल्क भरणाऱ्यासच तो वापरता येतो. अॅपलच्या मॅक ओएस एक्स १०.५ ला २००७ मध्ये हा मान मिळाला. याउलट बीएसडीचे मुक्त वंशज मूळ घराण्यातले असूनही त्या नावाने मिरवू शकत नाहीत. नव्याने लिहिलेल्या लिनक्सचा गाभा जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला आहे; पण तिच्या बहुतेक आवृत्त्यांनी हे प्रमाणपत्र घेतलेले नाही.

तात्पर्य, कोडचे काय करता येईल हे परवाना सांगतो. प्रोग्रॅम कोठे चालेल याची हमी प्रमाण देते. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.