पुडी, खाका आणि डबी

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे घरोघर हळदीकुंकू होते, वाण लुटले जाते. तिळगूळ पूर्वी हातावर ठेवीत. आता पुष्कळ घरांतून तो कागदाच्या लहानशा रंगीत डबीतून दिला जातो. ही डबी बाजारातून विकत आणलेली असतेच असे नाही. घरातील एखादी मुलगी तिचा आराखडा संगणकावरून मिळविते, झेरॉक्सच्या दुकानातून तो जाड कागदावर छापून आणते आणि रात्री जेवणे आटोपल्यावर कात्री व डिंक घेऊन बसते. तासाभरात सपाट कागदाच्या डब्या उभ्या राहतात.

ही तर मुलींची करमणूक, तिचा इतिहास तो काय सांगायचा, असे कोणी म्हणेल. परंतु या डबीत तीन निरनिराळ्या विद्या एकत्र आल्या आहेत: कागद करण्याची, माप घेण्याची आणि छापण्याची. या तिन्ही एका घरात येऊन पोहोचावयास काही शतके लागली. त्या प्रवासाचा काही भाग आपल्या मराठवाड्याच्या भूमीवरून गेलेला आहे. म्हणून बाळापूरच्या श्रोत्यांपुढे तो मांडणे वावगे होणार नाही.

वस्तू गुंडाळून देण्याची आपली पहिली रीत पानाची. पळसाची पाने काडीने टोचून पत्रावळ झाली, कडा वर उचलल्या की द्रोण झाला. सपाट वस्तूला घडी घालून तिच्यात पोकळी निर्माण करणे, हे डबीचे मूळ तत्त्व द्रोणातच आहे. पुढे वाण्याच्या दुकानात पुडी आली. रद्दीचा चौकोनी तुकडा, दोन घड्या, टोकाची एक खोच आणि वर दोऱ्याचे दोन वेढे. डिंक नाही, पट्टी नाही, माप नाही. सारे माप वाण्याच्या बोटांत. पण म्हणूनच ही विद्या हातातून हातात गेली तरच टिके. दूरच्या माणसाला पुडीची घडी पत्राने कळविता येत नाही.

डबीसाठी कागद हवा, आणि कागद ही एके काळी फार महाग वस्तू होती. मुहंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस हलविली. त्याच्या लवाजम्याबरोबर कागद करणारे कारागीरही आले, अशी परंपरा दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान असलेल्या कागजीपुरा या गावात सांगतात. गावाचे नावच त्यांच्या धंद्यावरून पडले. चिंध्या आणि ताग भिजवावयाचा, कुटावयाचा, त्याचा लगदा हौदात कालवावयाचा, बारीक काड्यांच्या चाळणीवर त्याचा पातळ थर उचलावयाचा, तो भिंतीवर वाळवावयाचा, खळ लावावयाची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटावयाचा. इतके सोपस्कार झाल्यावर एक ताव तयार होई. पेशवाईत जुन्नरचा कागद नावाजलेला होता, आणि पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा आजही त्या धंद्याची आठवण देतो.

अशा कष्टाने केलेला कागद लिहिण्यासाठी. त्यात वस्तू बांधून देण्याची चैन कोणाला परवडणार? पेशवे दफ्तरातील मोलाचे कागदसुद्धा कापडात बांधलेले असत, आणि त्या गाठोड्यांना रुमाल म्हणत. कापडाने कागदाचे रक्षण करावयाचे, असा तो काळ होता. नजराणा द्यावयाचा तर तबक असे, त्यावर वस्त्र असे. श्रीमंताघरी चांदीचा करंडा असे.

हा क्रम यंत्राने उलटविला. १७९९ साली फ्रान्समध्ये लुई निकोला रोबेर याने लांबच लांब पट्ट्याच्या रूपात कागद काढणारे यंत्र शोधले. एकोणिसाव्या शतकात गिरणीचा कागद स्वस्त होत गेला, आणि चाळणीवर एकेक ताव उचलणाऱ्या कारागिराला त्याच्याशी स्पर्धा करणे अशक्य झाले. कागजीपुऱ्याच्या कागदाचे मोठे गिऱ्हाईक दरबार, दफ्तर आणि धर्मग्रंथांचे लेखक. छापखाने आले, दफ्तरांत गिरणीचा कागद शिरला, आणि १९४८ साली निजामाचा दरबारही गेला. या कारागिरीचा ऱ्हास कौशल्याच्या उणिवेने झाला नाही. तिला घरगुती गिऱ्हाईक नव्हते म्हणून झाला. वर्ध्यास १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातकागदाला पुन्हा उभे करण्याचा यत्न केला, आणि १९४० साली पुण्यास हातकागदाची संस्था निघाली. त्या खटपटीमुळे ही विद्या नामशेष होता होता वाचली.

कागद स्वस्त झाला. आता मापाकडे वळू. आपण ज्याला खाका म्हणतो तो शब्द फारसीतून आला. खाक म्हणजे धूळ, राख. चित्रकार रेखाचित्राच्या रेघांवर सुईने भोके पाडीत, त्यावर कोळशाची पूड थापटीत, आणि खालच्या कागदावर ठिपक्यांचे चित्र उमटे. रांगोळीचे पत्र्याचे छाप याच जातीचे. खाक्याचा गुण असा की, एकाने केलेली रेखा दुसऱ्याच्या हाती जशीच्या तशी जाते. पुडीत जे साधत नव्हते ते येथे साधले.

घन वस्तूचा खाका सपाट कागदावर छापावयाचा, ही कल्पना जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली मापनविद्येवरील आपल्या ग्रंथात मांडून दाखविली. घनाकृती कडांशी उलगडून पसरली तर कशी दिसेल याच्या आकृत्या त्याने दिल्या. त्या कापून दुमडल्या की मूळ आकृती परत उभी राहते. साधा चौकोनी ठोकळाच घ्या. त्याच्या सहा बाजू एकमेकींना जोडलेल्या ठेवून तो ११ तऱ्हांनी उलगडता येतो. कोणतीही तऱ्हा घ्या, घड्या ५ च येतात आणि चिकटविण्याचे कान ७ लागतात. कारण ठोकळ्याच्या कडा १२, त्यांतील ५ दुमडल्या की ७ जोडावयाच्या उरल्या.

ही विद्या कारखान्यात शिरली ती एका चुकीमुळे. न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिन येथे रॉबर्ट गेर नावाचा कागदी पिशव्यांचा कारखानदार होता. १८७९ साली त्याच्या यंत्रातील घडी पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि बियाण्यांच्या पिशव्या दुमडण्याऐवजी कापल्या गेल्या. नुकसान झाले; पण गेरच्या ध्यानात आले की, काही पट्ट्या उंच आणि काही ठेंगण्या बसविल्या तर एकाच दाबात कापणे व घडी पाडणे दोन्ही होईल. तोवर खोकी हाताने कापून जुळवीत. आता बिस्किटापासून औषधापर्यंत सर्व वस्तू घडीच्या खोक्यातून जाऊ लागल्या. मात्र खाका लोखंडी झाला, तो कारखान्यात अडकला, आणि घरच्या माणसाकडे फक्त खोके फोडण्याचे काम उरले.

तो खाका घरी परत आला आपल्याच काळात. १९८० नंतरच्या दशकात लहान लेसर छपाईयंत्रे कचेऱ्यांतून दिसू लागली. १९९३ साली पीडीएफ ही पद्धत निघाली, जिच्यामुळे एका गावी आखलेले पान दुसऱ्या गावी त्याच मापाने छापता येते. छापणाराने मात्र सावध असावे. यंत्राला पान 'बसवून घे' असे सांगितले की ते आकृती किंचित लहान करते, आणि मग दोन भागांचे झाकण डबीला जुळत नाही. म्हणून पूर्ण मापानेच छापावे. नेहमीचा कागद चौरस मीटरला ७० ते ८० ग्रॅम वजनाचा असतो. डबीला २०० च्या पुढचा हवा. ६ सेंटिमीटरचा ठोकळा उलगडला तर २४ बाय १८ सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे ए-४ च्या पानावर कानांसह सहज बसतो. दुमडण्यापूर्वी पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनाने रेघ दाबावी, म्हणजे घडी फुटत नाही. गिरणीच्या कागदातील तंतू बहुतांशी एकाच दिशेने झुकलेले असतात. त्या दिशेने घडी साफ बसते, आडवी घातली तर चिरते.

आता एक आक्षेप. छापील खाक्यावरून केलेली डबी ही कला कसली, ती नक्कल. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आयता आराखडा मिळू लागला की आखण्याची सवय जाते. आणि त्यावरची वेलबुट्टी बहुधा परक्या देशातली असते. परंतु छापाने रांगोळी काढणारी बाई रांगोळी विसरली नाही, ती छापाशेजारी आपली रेघ ओढतेच. प्रश्न छापाचा नाही, त्याच्यापाशी थांबण्याचा आहे. शाळेतल्या मुलाने आधी आयती डबी करावी, मग ती उलगडून पाहावी आणि मग स्वतःची आखावी. भूमितीच्या तासाला ठोकळ्याचे पृष्ठफळ पाठ करणाऱ्या मुलाला ते अशाने हाताला कळेल.

दुसरी गोष्ट आपल्या गावची. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, आणि कागदाच्या वेष्टनाला मान मिळाला. आपल्या हिंगोली जिल्ह्यात वसमतची हळद आहे. ती पोत्याने जाते, दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यात शिरते आणि तेथे तिची किंमत वाढते. तीच हळद येथल्या हातांनी केलेल्या डबीतून वाण म्हणून गेली, तर त्या वाढीचा काही अंश येथे राहील. आणि त्या डबीवर कागजीपुऱ्याच्या हातकागदाची एक पट्टी चिकटविली, तर दरबार गेल्यावर पोरक्या झालेल्या त्या कागदाला आपल्या घराचे गिऱ्हाईक मिळेल.

पुढच्या संक्रांतीला पाच घरांनी जरी हे केले, तरी आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.