ब्राउनिंगची कडी: हलक्या काडतुसांपुढे अडणाऱ्या बंदुकीचा इतिहास

#इतिहास #थ्रेड

१/ चाप ओढला जातो, बार होतो, छर्रे सुटतात. पण रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही. अर्धस्वयंचलित शॉटगनची ही तक्रार तिच्या जन्माइतकीच जुनी आहे. काडतूस हलके असले की ती हमखास उद्भवते. या अडचणीवर शोधलेला पहिला यशस्वी उपाय म्हणजे एक साधी पोलादी कडी.

२/ साध्या दुनळी बंदुकीत पुंगळी काढण्याचे काम माणसाचा हात करतो. काडतूस हलके की भारी, याने हाताला फरक पडत नाही. अर्धस्वयंचलित बंदूक मात्र प्रत्येक बाराच्या शक्तीतून स्वतःचा वाटा काढून घेते. त्या वाट्यावरच पुंगळी फेकणे, नवे काडतूस भरणे आणि घोडा चढवणे ही कामे चालतात. वाटा अपुरा पडला की यंत्र अर्ध्यावर थांबते.

३/ अमेरिकेतील युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावी १८५५ साली जन्मलेल्या जॉन मोझेस ब्राउनिंग या कारागिराने हे कोडे हाती घेतले. ९ ऑक्टोबर १९०० रोजी त्याला या रचनेचे पेटंट मिळाले. तो संक्रमणाचा काळ होता. काळी दारू मागे पडत होती आणि धूरविरहित दारू रुळत होती; बाजारात कमीअधिक जोराची काडतुसे शेजारीशेजारी विकली जात होती.

४/ ब्राउनिंगच्या बंदुकीत बार होताच नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत मागे सरकतात, तेही काडतुसाच्या लांबीपेक्षा अधिक अंतर. शेवटाला बोल्ट अडवला जातो आणि नळी स्प्रिंगच्या जोराने एकटीच पुढे जाते. बोल्टने धरून ठेवलेली पुंगळी अशा रीतीने नळीबाहेर येते आणि बाजूला फेकली जाते. मग नवे काडतूस वर येते आणि बोल्ट ते आत ढकलतो.

५/ या साखळीची मेख पहिल्याच कडीत आहे. नळी पुरती मागे आली नाही, तर बोल्ट अडकत नाही; बोल्ट अडकला नाही, तर पुंगळी सुटत नाही. सुमारे ३५ ग्रॅम छर्ऱ्यांचे भारी काडतूस नळीला जोरात मागे रेटते. २८ ग्रॅमच्या हलक्या काडतुसाचा धक्का त्या मानाने सौम्य असतो.

६/ मग स्प्रिंगच मऊ का बसवू नये? कारण तसे केले, तर भारी काडतुसाचा धक्का नळीला धाडकन मागे आपटतो. धातूचे भाग झिजतात आणि हाताखालच्या लाकडाला तडे जातात. हलक्यासाठी केलेली सोय भारी काडतुसाच्या वेळी बंदुकीच्या मुळावर येते.

७/ ब्राउनिंगने यावर ब्रेक बसवला. काडतुसांच्या नळकांड्याभोवती स्प्रिंग, तिच्यापुढे ब्राँझचा चिरलेला घर्षणतुकडा आणि जोडीला एका बाजूने उतार दिलेली पोलादी कडी. ही कडी स्प्रिंग आणि ब्राँझच्या मधे ठेवली, की तिचा उतार ब्राँझला नळकांड्यावर आवळतो. घर्षण वाढते आणि भारी काडतुसाचा जोर जिरतो.

८/ हलकी काडतुसे वापरायची असली, की तीच कडी काढून स्प्रिंगच्या मागे ठेवायची. तिथे ती निव्वळ पडून राहते. एकट्या ब्राँझचे घर्षण उरते आणि नळी पुरती मागे येते. नवा सुटा भाग लागत नाही, हत्यारही लागत नाही. नळकांड्यावरचे तेलही महत्त्वाचे: ते फार झाले तर ब्रेक घसरतो, अगदीच कोरडे राहिले तर हलके काडतूस अडते.

९/ ही बंदूक बाजारात येण्याची कथाही सरळ नाही. ब्राउनिंगने प्रत्येक बंदुकीमागे मानधन मागितले आणि विंचेस्टर कंपनीने ते नाकारले. तो रेमिंग्टनकडे गेला. पण ८ जानेवारी १९०२ रोजी भेटीची वाट पाहत असतानाच अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. अखेर तो बेल्जियममधील लिएजजवळच्या हर्स्टालला, एफएन कारखान्यात पोहोचला. हीच बंदूक पुढे 'ऑटो-५' म्हणून ओळखली गेली. १९०५ पासून रेमिंग्टननेही ती परवान्यावर बनवली.

१०/ नकार देणाऱ्या विंचेस्टरला मग ब्राउनिंगची पेटंटे टाळून बंदूक घडवावी लागली. टी. सी. जॉन्सन यांनी रचलेल्या १९११ च्या मॉडेलला बोल्ट मागे ओढण्याची मूठच नव्हती. नळी हाताने मागे दाबावी लागे. कागदी काडतूस ओलाव्याने फुगून अडकले, की काही जण दस्ता जमिनीवर टेकवून तोंडाजवळची नळी धरून खाली दाबत. त्यात अपघात घडले. 'विधवा करणारी' हे टोपणनाव त्या बंदुकीला कायमचे चिकटले, आणि १९२५ मध्ये तिचे उत्पादन थांबले. अडकलेले काडतूस ही केवळ गैरसोय नव्हती, ती अशी.

११/ पुढच्या पिढ्यांनी हा निर्णय मालकाच्या हातून काढून यंत्राकडे सोपवण्याचा प्रयत्न केला. १९६३ च्या रेमिंग्टन ११०० मध्ये धक्क्याऐवजी नळीतल्या वायूचा दाब वापरला गेला. तरी प्रश्न सुटला नाही, फक्त जागा बदलली: लांब मॅग्नम काडतुसांसाठी वायूची छिद्रे बेतलेली नळी हलक्या काडतुसावर अडू लागली. इटलीच्या बेनेल्लीने बोल्टच्या जडत्वाचा आधार घेतला. तिथे खांदा ढिला ठेवला, तरी हलके काडतूस दगा देऊ शकते.

१२/ ऑटो-५ चे उत्पादन १९९८ पर्यंत चालले. आजोबांकडून नातवाकडे आलेली अशी बंदूक हलक्या काडतुसावर अडली, की स्प्रिंग थकली, बंदूक म्हातारी झाली, असा निष्कर्ष पटकन निघतो. अनेकदा दोष वयाचा नसतो. कुणीतरी एकेकाळी भारी काडतुसांसाठी कडी पुढे बसवलेली असते आणि ती मागे घ्यायची असते, हे सांगणारे माणूस उरलेले नसते. यंत्र वारशाने मिळते. ते वापरण्याचे ज्ञान मात्र प्रत्येक पिढीला नव्याने सांगावे लागते.

(थ्रेड समाप्त)