पॅरिसचें बिस्त्रो : एका भोजनगृहाची जन्मकथा

पॅरिस शहराचें नांव निघालें कीं आयफेलचा मनोरा, लूव्ह्रचें संग्रहालय आणि सेन नदीवरील पूल आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु त्या शहराचा रोजचा संसार ज्याला पाहावयाचा असेल त्यानें एखाद्या गल्लींतील बिस्त्रोमध्यें दुपारच्या जेवणास जाऊन बसावें. बिस्त्रो म्हणजे लहानसें, साधें भोजनगृह. दारापाशीं धातूच्या पत्र्यानें मढविलेला उंच ओटा, एकमेकांस खेटून मांडलेलीं लहान टेबलें आणि भिंतीवर एक काळी पाटी. त्या पाटीवर खडूनें त्या दिवसाचे पदार्थ व त्यांच्या किंमती लिहिलेल्या असतात. हें सारें इतकें घरगुती दिसतें कीं त्याला कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि येऊं नये. परंतु तो आहे, आणि आज तोच थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रथम एका आख्यायिकेचा निकाल लावूं. माँमार्त्र टेकडीवरील एका जुन्या भोजनगृहाच्या भिंतीवर एक फलक आहे. ३० मार्च १८१४ रोजीं, नेपोलियनविरुद्ध लढणारें मित्रराष्ट्रांचें सैन्य पॅरिसला भिडलें असतां, रशियन कोसॅक शिपायांनीं येथें 'बिस्त्रो, बिस्त्रो' म्हणजे 'लवकर, लवकर' असा गलका केला आणि त्यावरून अशा दुकानांस हें नांव पडलें, असें तो फलक सांगतो. गोष्ट चटकदार आहे, आणि इतिहासाच्या वर्गांत मुलांना अशाच गोष्टी वर्षानुवर्षें आठवतात हें मीं स्वतः पाहिलें आहे. परंतु हा शब्द फ्रेंच छापील वाङ्मयांत प्रथम आढळतो तो १८८४ सालीं. मधलीं सत्तर वर्षें तो कोठें दडून बसला होता ? भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ति मानीत नाहींत. खरी कोणती याविषयीं मात्र त्यांचें अद्याप एकमत झालेलें नाहीं.

शब्दाचें असें झालें. आतां वस्तूकडे वळूं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्यें परक्या माणसाची जेवणाची सोय म्हणजे 'यजमानाचें टेबल'. आपल्याकडील खाणावळीप्रमाणें वेळ ठरलेली, पैसे ठरलेले. सर्वांनीं एका लांब टेबलाभोंवतीं बसावयाचें, अन्नाचीं ताटें मध्यें ठेवलेलीं, आणि ज्याचा हात लांब त्याच्या पदरीं चांगला घांस. रोज येणाऱ्यांचें ठीक चाले. नवख्या, भिडस्त किंवा आजारी माणसाचे हाल होत.

ह्या स्थितींत बदल घडला तो एका पथ्याच्या पदार्थामुळें. 'रेस्तोराँ' हा शब्द त्या काळीं घराचा वाचक नव्हता. शक्ति भरून आणणाऱ्या मांसरसाचें तें नांव होतें. बूलांजे नांवाच्या माणसानें १७६५ सालीं असा रस विकण्याचें पहिलें दुकान काढलें, असें पूर्वीं सर्व ग्रंथांतून लिहीत. रेबेका स्पँग ह्या अमेरिकन इतिहासकर्त्रीनें २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जुनीं दप्तरें तपासून हें श्रेय माथ्युरँ रोझ द शांत्वाझो ह्या गृहस्थाला दिलें, व त्याचा आरंभ १७६६ च्या सुमाराचा ठरविला. अशक्त माणसाला भूक केव्हां लागेल याचा नेम नाहीं. म्हणून येथें वाटेल त्या वेळीं यावें. त्याला गर्दी सोसत नाहीं. म्हणून त्याचें टेबल निराळें. त्याला सर्वच पदार्थ चालत नाहींत. म्हणून निवडीसाठीं किंमतींसह यादी. आजाऱ्याच्या ह्या सवलती पुढें निरोग्यांना आवडूं लागल्या, आणि त्यांतून आजचें रेस्टॉरंट जन्मास आलें. बोव्हिलिए हा नामांकित पाकशास्त्री राज्यक्रांतीच्या पूर्वींच ह्या धंद्यांत उतरला होता. १७८९ नंतर त्याला मोठा बहर आला.

परंतु हें सुख श्रीमंतांचें. बाजारांत ओझीं वाहणारा हमाल किंवा कचेरींतला कारकून तेथें कसचा जातो ? त्याची सोय लावली ती द्युव्हाल नांवाच्या एका खाटकानें. १८५० नंतरच्या दशकांत त्यानें मध्यवर्ती बाजाराजवळ एक स्वच्छ खोली उघडली, आणि तेथें उकडलेलें मांस व त्याचाच रस माफक दरानें देऊं लागला. रसाला फ्रेंच भाषेंत 'बुइयों' म्हणतात ; तेंच त्या भोजनगृहांचें नांव झालें. प्रत्येक पदार्थाचा दर ठरलेला, आणि वाढणाऱ्या बायकांच्या डोक्यावर पांढरी टोपी. १८९६ सालीं निघालेलें 'शार्तिए' हें ह्याच जातीचें भोजनगृह अद्याप चालूं आहे. तेथें अनोळखी माणसें एका टेबलाशीं बसतात, वाढपी टेबलावरील कागदावरच हिशेब मांडतो, आणि नेहमींची गिऱ्हाइकें ज्यांत आपले हातरुमाल ठेवीत ते क्रमांकाचे खण अजून भिंतीशीं दिसतात. १९८९ सालीं सरकारनें ह्या इमारतीला ऐतिहासिक वास्तु म्हणून संरक्षण दिलें.

बिस्त्रोची दुसरी शाखा याहूनहि गरीब घराण्याची. फ्रान्सच्या मध्यभागीं ओव्हेर्न्य नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील शेतीवर पोट भरेना, म्हणून एकोणिसाव्या शतकांत तेथील लोक पॅरिसला येऊं लागले. प्रथम ते खांद्यावर बादल्या घेऊन घरोघर जिने चढून पाणी पोंचवीत. पुढें शहरांत नळ आले, तेव्हां ते लांकूड व कोळसा विकूं लागले. दुकानाच्या एका अंगाला कोळसा, दुसऱ्या अंगाला द्राक्षमद्याचें पिंप. नवरा ओझीं पोंचवावयास जाई, बायको ओटा सांभाळी. गिऱ्हाइकांसाठीं तिनें एखादा रस्सा चुलीवर चढविला कीं झालें भोजनगृह ! त्यांना पॅरिसकर 'बून्या' ह्या थट्टेच्या नांवानें हांका मारीत. त्यांच्यांतल्याच मार्सेलँ काझनें १९२० सालीं 'लिप' हें भोजनगृह घेतलें आणि लेखक व मुत्सद्दी यांच्या वर्दळीनें तें जगप्रसिद्ध केलें.

आजच्या बिस्त्रोंतील जेवणांत ह्या सर्वांच्या खुणा सांपडतात. आरंभीं उकडलेलें अंडें किंवा कांद्याचें सूप, मग मंद आंचेवर तासन्तास शिजलेला मांसाचा रस्सा, शेवटीं दुधाअंड्यांची गोड खीर थिजवून केलेली वडी. त्यांतील पुष्कळ पदार्थ आपल्यापैकीं अनेकांस चालणार नाहींत. परंतु त्यांची युक्ति आपल्या गृहिणींना तत्काळ कळेल. जिन्नस स्वस्त, आणि चव आणावयाची ती वेळ खर्चून. पाव न मागतां येतो, नळाच्या पाण्याची सुरई फुकट मिळते, आणि वाढप्याची मजुरी किंमतींतच धरलेली असते. दर बाहेर लावलेले असतात, म्हणून खिशांत किती आहे तें पाहूनच माणूस आंत जातो. आंत गेल्यावर कोणापुढें मान खालीं घालण्याचा प्रसंग येत नाहीं.

वाढतीं भाडीं व बदललेल्या संवयी यांमुळें गेल्या कित्येक दशकांत अशीं पुष्कळ दुकानें बंद पडलीं आहेत. जीं उरलीं त्यांच्या जन्माचें श्रेय कोसॅकांच्या आरोळीला देणें सोपें आहे, कारण लढाईची गोष्ट लवकर पाठ होते. परंतु परक्या शहरांत आलेल्या एकट्या, अल्प मिळकतीच्या माणसाला टेबल, यादी आणि मान हीं तिन्ही मिळवून दिलीं तीं शिपायांनीं नव्हेत. तीं मिळवून दिलीं रस विकणाऱ्यानें, खाटकानें आणि कोळसेवाल्याच्या बायकोनें. त्यांच्या नांवाचा फलक माँमार्त्रच्या त्या भिंतीवर नाहीं. निदान आपण तरी त्यांची आठवण ठेवावी.