सायकलमधला उलटा आटा

थुंबा येथील प्रक्षेपण केंद्रात अग्निबाणाचे शंकूसारखे टोक सायकलवरून नेले जात असल्याचे छायाचित्र भारतीय अवकाश संशोधनाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. पाहणाऱ्याची नजर त्या टोकावर खिळते. खालच्या सायकलकडे फारसे कोणी पाहत नाही. तरीही २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे असलेल्या या साध्या वाहनात भौतिकशास्त्राचा एक धडा दडलेला आहे, आणि तो सहज अंदाजाच्या नेमका उलट आहे.

हा धडा दोन पायडलांच्या मधोमध सापडतो. तेथे फ्रेमच्या नळ्या एका आडव्या, आखूड नळकांड्याला येऊन मिळतात. त्यात दोन्ही बाजूंनी पोलादी वाट्या आट्यांवर बसवतात, वाट्यांत छर्रे असतात आणि छर्ऱ्यांवर क्रँकचा एक्सल फिरतो. दुकानांत हा भाग ‘बी. बी.’ म्हणून ओळखला जातो. नव्या फ्रेममध्ये तो बसवताना नवशिक्या कारागीर उजवी वाटी नेहमीच्या सवयीने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवतो. वाटी धरत नाही, म्हणून तो पान्यावर जोर लावतो, आणि आटे कापले जाऊन कोरी फ्रेम वाया जाऊ शकते. बहुतेक सायकलींत उजव्या वाटीचे आटे डावे, म्हणजेच उलटे असतात. ती काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवल्यावरच घट्ट होते.

या भागाचा इतिहास छर्ऱ्यांपासून सुरू होतो. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी १८६९ साली सायकलसाठी बॉल बेअरिंगचे पेटंट घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेम्स मूर यांनी अशा बेअरिंगच्या सायकलवर पॅरिस ते रुआँ ही शर्यत जिंकली. तेव्हा पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असत. १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर यांनी एकसारखे गोल छर्रे घासून काढणारे यंत्र तयार केले. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. तिच्यात साखळीने मागचे चाक फिरत होते, आणि क्रँकला फ्रेमच्या तळाशी हक्काची जागा मिळाली.

त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. पुढे जाताना उजव्या बाजूने पाहिले, तर एक्सल काट्यांच्या दिशेने फिरतो. घर्षणामुळे वाटीही त्याच दिशेने ओढली जाईल, म्हणून तेथे नेहमीचा उजवा आटाच हवा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उजव्या आट्याची वाटी हळूहळू सैल होते.

याचे कारण एका साध्या प्रयोगातून कळते. टेबलावर बांगडी ठेवावी आणि तिच्या आत किंचित लहान गोल झाकण ठेवावे. झाकण बांगडीच्या कडेला टेकवून, टेकण्याची जागा काट्यांच्या दिशेने पुढे सरकवत न्यावे. झाकण स्वतः मात्र काट्यांच्या विरुद्ध दिशेने वळत जाते. वाटीचेही तसेच होते. आट्यांमध्ये अगदी सूक्ष्म फट राहतेच. दोन्ही पायांचा आळीपाळीने पडणारा जोर, साखळीचा ताण आणि भार वाहत पुढे सरकणारे छर्रे यांमुळे दाबाची जागा एक्सलच्या दिशेने फिरत राहते, आणि वाटी उलट्या दिशेने सरकते. अभियांत्रिकीत याला ‘प्रिसेशन’ म्हणतात. भोवऱ्याच्या परांचनाशी त्याचे केवळ नावापुरते साम्य आहे.

ही सरक किती असते? व्यासातील फट ०.१ मिलिमीटर धरली, तर दोन परिघांतील फरक सुमारे ०.३१ मिलिमीटर येतो. वाटीचा परिघ सुमारे १०९ मिलिमीटर असतो. वाटी अजिबात घसरत नाही असे मानल्यास दाबाच्या साधारण ३५० फेऱ्यांत ती एक पूर्ण वेढा उलगडेल. घट्ट आवळलेली वाटी अर्थातच इतक्या लवकर सुटत नाही, परंतु ओढ कोणत्या दिशेची आहे हे या गणितातून स्पष्ट होते. डाव्या बाजूला सर्व दिशा उलट होतात, म्हणून तेथे साधा उजवा आटाच योग्य ठरतो.

पायडलांनाही हेच तत्त्व लागू होते. विमानामुळे अमर झालेल्या राइट बंधूंचा व्यवसाय सायकलींचाच होता, आणि न सुटणारे पायडल त्यांनी १९०० साली जाहीर केले होते.

सर्व देशांनी मात्र हा धडा सारखा गिरवला नाही. इंग्लंडमध्ये १.३७ इंच व्यास, इंचात २४ आटे आणि उजवीकडे डावा आटा हे माप रूढ झाले. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीवरून ते आजही ‘बी. एस. ए.’ म्हणून ओळखले जाते. भारतात हे नाव टी. आय. सायकल्सच्या सायकलींमुळे घरोघरी पोहोचले. इटलीने ३६ मिलिमीटर आणि फ्रान्सने ३५ मिलिमीटर व्यास स्वीकारला, पण दोन्ही बाजूंना उजवेच आटे ठेवले. तेथे वाटी जागच्या जागी राहणे सर्वस्वी आवळण्याच्या जोरावर अवलंबून राहिले. स्विस मापात व्यास फ्रेंचच आहे, उजवा आटा मात्र डावा आहे.

२००० साली कॅननडेलने ‘बी. बी. ३०’ आणले. त्यात आटे काढून टाकून बेअरिंग फ्रेममध्ये थेट दाबून बसवले जात होते. वजन घटले, पण नळकांड्याचे माप जरा चुकले की बेअरिंग सूक्ष्म हालचाल करू लागले आणि प्रत्येक पायडलागणिक कुरकुर ऐकू येऊ लागली. २०१५ मध्ये ‘टी ४७’ या मापाने मोठ्या व्यासावर आटे परत आणले, आणि त्यातही उजवीकडचा आटा डावाच ठेवला.

म्हणूनच नवी फ्रेम हाती आल्यावर जाणता कारागीर घाई करत नाही. तो आट्यांत साचलेला रंग टॅप फिरवून काढतो, नळकांड्याची दोन्ही तोंडे समांतर करून घेतो आणि ग्रीस लावतो. मग उजवी वाटी पान्याशिवाय, केवळ बोटांनी, काट्यांच्या विरुद्ध फिरवून पाहतो. ती सहज आत जाऊ लागली, तरच पाना उचलतो.