दोन मेंदूंच्या संगणकाला वीज किती?

संगणकाचा इतिहास सांगताना आपण बहुधा गणितज्ञांची नावे घेतो, वेगाचे आकडे सांगतो. पण त्या वेगाला जी वीज लागते, तिचाही एक इतिहास आहे. विहिरीवर केवढी मोटर बसवली हे जो तो सांगतो. तिला पुरेशी वीज मिळते की नाही, हे मात्र मोटर जळाल्यावरच कळते. संगणकाचेही तसेच आहे. पुष्कळ शाळांत आता जुने, पण दमदार असे दोन प्रोसेसरांचे संगणक स्वस्तात येतात. ते घेणाऱ्या शिक्षकांसाठी हा इतिहास नुसता करमणुकीचा नाही.

प्रारंभ करू १९४६ पासून. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हानिया विद्यापीठात एनियाक नावाचे यंत्र त्या वर्षी जगापुढे आले. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. आपल्या जुन्या रेडिओत चारपाच व्हॉल्व्ह असत, त्यावरून कल्पना करा. या यंत्राला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. म्हणजे पाच अश्वशक्तीच्या चाळीस मोटरी एकदम चालवण्याइतकी. ते सुरू झाले की सगळ्या शहराचे दिवे मंद होत, अशी आख्यायिका पुढे पसरली. ती आख्यायिकाच समजावी. खरी शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. हजारो व्हॉल्व्हांतला एक जरी गेला, तरी गणित चुकणार. म्हणून एनियाकचे अभियंते प्रेस्पर एकर्ट यांनी प्रत्येक भाग त्याच्या कमाल शक्तीपेक्षा बराच कमी ताणावर चालवला. बैलाला ओढता येईल तेवढे सगळे ओझे गाडीत भरायचे नाही, हा शहाणा गाडीवानाचा नियम त्यांनी यंत्राला लावला.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या सुमारास टिफ्रॅक हा संगणक तयार झाला. त्यातही सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. पुढे व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, यंत्र लहान झाले, आणि विजेची भूकही आटोक्यात आली.

मग दोन प्रोसेसरांची कल्पना कोठून आली? अमेरिकेतल्या बरोज कंपनीने १९६१ मध्ये जाहीर केलेल्या बी ५००० या यंत्रात दुसरा प्रोसेसर जोडण्याची सोय होती. १९६२ च्या डी ८२५ या यंत्रात तर चारपर्यंत प्रोसेसर बसत. हेतू दुहेरी होता : काम वाटून घ्यावे, आणि एक बैल बसला तरी दुसऱ्याने गाडी घरापर्यंत आणावी. पण जोडी जुंपायची तर दोघांचा चारा लागणारच. आणि दोघांचा चारा एकाच गव्हाणीत असेल व ती गव्हाणच रिकामी पडली, तर दोघेही उपाशी!

ही गव्हाण म्हणजे संगणकातली वीजपुरवठ्याची पेटी. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात. पूर्वीच्या पेटीत जड ट्रान्सफॉर्मर असे आणि बरीच वीज उष्णता होऊन वाया जाई. नव्या पद्धतीत विजेचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करून तिचा दाब बदलतात; त्यामुळे पेटी हलकी होते आणि नासाडी कमी होते. १९७७ च्या ॲपल-दोन या घरगुती संगणकात रॉड होल्ट यांनी अशीच पेटी बसवली. १९८१ च्या आयबीएमच्या पीसीला ६३.५ वॉटची पेटी पुरली. १९८४ च्या एटी संगणकाला १९२ वॉटची लागली. तीन वर्षांत तिप्पट!

पुढची अडचण नुसत्या वॉटची नव्हती. पेटीतून ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे निरनिराळे पाट निघतात. एका पाटाचे पाणी दुसऱ्या पाटावरच्या शेताला आयते मिळत नाही. आरंभी प्रोसेसरची वीज मुख्यतः लहान दाबाच्या पाटांतून येई. भूक वाढली तशी ती अडचण झाली. १२० वॉट पोचवायचे तर ५ व्होल्टवर २४ अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर फक्त १०. तारेतली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणजे तीच तार जवळजवळ पावणेसहा पट तापते. म्हणून २००० साली पेंटियम-४ बरोबर १२ व्होल्टची चार टाचण्यांची वेगळी जोडणी आली, आणि दोन प्रोसेसरांच्या यंत्रांसाठी आठ टाचण्यांची. २००१ मध्ये दोन ॲथलॉन एमपी प्रोसेसर घेणाऱ्या टायन कंपनीच्या थंडर के७ या मदरबोर्डला तर खास ४६० वॉटची, निराळ्या जोडणीची पेटी लागे. बाजारातली साधी पेटी चालत नसे.

आता हिशेब मांडू. समजा, प्रत्येकी ९५ वॉटचे दोन प्रोसेसर आहेत. झाले १९०. मदरबोर्डवर दाब उतरवताना काही वीज जाते, म्हणून ते २२४ धरू. मदरबोर्ड व मेमरी ५०, दोन डिस्क २०, पंखे १५, चित्रासाठीचे कार्ड ५०. बेरीज सुमारे ३६०. डिस्क फिरू लागताना क्षणभर जास्त वीज ओढतात, जशी मोटर सुरू होताना ओढते. त्यासाठी आणखी ३०. म्हणजे ३९०. मग ४०० ची पेटी घ्यावी काय? नाही. ५५० ची घ्यावी, म्हणजे नेहमीचा भार तिच्या शक्तीच्या सुमारे दोनतृतीयांश राहील. आणि पेटीवरचा मोठा आकडा पाहून भुलू नये. १२ व्होल्टपुढचे अँपिअर वाचावेत. वरच्या उदाहरणात केवळ प्रोसेसरांनाच सुमारे १९ अँपिअर लागतात.

काही यंत्रांत दोन पेट्या असतात. प्रत्येकी ५०० वॉटच्या दोन, म्हणजे हजार झाले, असे मोजू नये. एक बंद पडली तर उरलेलीने सगळा भार उचलावा, यासाठी ती जोडी असते. तेव्हा हिशेब ५०० चाच.

भिंतीतून येणारी वीजही मोजावी. पेटी शंभरातले ८५ भाग कामी लावत असेल, तर ३६० वॉटसाठी भिंतीतून सुमारे ४२४ वॉट ओढले जातील. गावात वीज जाते-येते, म्हणून यूपीएस लागतो. तो या आकड्यावरून निवडावा, आणि वर थोडी जागा ठेवावी.

आपण म्हणाल, एवढी काटेकोर बेरीज कशाला? कारण अपुरी पेटी बहुधा एकदम मरत नाही. यंत्र मध्येच थबकते, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, कधी डिस्कवर लिहिता लिहिता वीज डळमळते आणि वर्षभराचे गुणपत्रक बिघडते. मग दोष कोणाला? शेवटी संगणकासमोर बसलेल्या मुलाला. 'तूच काहीतरी दाबलेस' असे ऐकलेला मुलगा पुन्हा यंत्राजवळ जायला कचरतो. पेटीवर वाचवलेले पाचसातशे रुपये असे वसूल होतात.

तेव्हा गुरुजनहो, जोडी विकत घेण्याआधी गव्हाण पाहावी. कागद-पेन्सिल घेऊन मुलांकडूनच ही बेरीज करवून घ्यावी. सातवीच्या गणिताच्या पलीकडचे तिच्यात काही नाही.