एका विसरलेल्या कार्डाचा इतिहास

कणकवली तालुक्यातील फोंडाघाट हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. देवगडकडून येणारा रस्ता येथून घाट चढून दाजीपूर-राधानगरीकडे जातो. तेथील एका शिक्षकांनी आमच्यासमोर एक जुना संगणक उघडला. मुंबईच्या कार्यालयातून मोडीत निघालेला हा संगणक एका चाकरमान्याने शाळेला आणून दिला होता. आतल्या एका कार्डाला फोनच्या खाचेपेक्षा थोडी रुंद खाच होती. "नेटवर्कची वायर यात बसते सर, पण काहीच चालत नाही. बिघडलंय का?" त्यांनी विचारले.

कार्ड बिघडलेले नव्हते. ते आयएसडीएनचे कार्ड होते, आणि त्याला हवी असलेली लाइन त्या गावात नव्हती. असे का, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

टेलिफोनवर आपला आवाज सुमारे 3400 हर्ट्‌झपर्यंतच नेला जातो. तो अंकांत बदलायचा तर सेकंदाला 8000 वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजणी 8 बिटांत लिहितात. 8000 गुणिले 8 म्हणजे सेकंदाला 64,000 बिट. अंकीय एक्सचेंजमध्ये प्रत्येक संभाषणाला एवढी वाट मिळते. आपल्याकडे 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी 128 जोडण्यांचे असे छोटे एक्सचेंज बनवले. त्यातले पहिले 1986 मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. एक्सचेंज अंकीय झाले, पण तेथून घरापर्यंतची तार मात्र जुन्याच पद्धतीने, आवाजाच्या लहरी वाहत राहिली.

त्यामुळे एक गंमत होत असे. संगणकातले बिट मॉडेम आवाजात बदलायचा आणि एक्सचेंज तोच आवाज पुन्हा बिटांत बदलायचे. हा द्राविडी प्राणायाम टाळून घरापासूनच बिट पाठवावेत, ही आयएसडीएनची कल्पना. तिचे आंतरराष्ट्रीय नियम 1984 मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या जोडणीत 64 हजार बिटांच्या दोन वाटा आणि नंबर फिरवण्यासारख्या निरोपांसाठी 16 हजार बिटांची तिसरी वाट असे. मॉडेमची कुरकुर नाही. एक-दोन सेकंदांत जोडणी तयार! 1990 च्या दशकात मुंबईसारख्या शहरांतील कार्यालयांना अशी लाइन मिळू लागली. पण एक्सचेंजपासून साधारण पाच-साडेपाच किलोमीटरपुढे साध्या तांब्याच्या तारेवर ती नीट चालत नाही, आणि मुळात एक्सचेंजमध्ये तशी सोय हवी. खेडी मागे राहिली ती येथे.

आता कार्डाकडे वळू. एसटी कितीही चांगली असली तरी घाटाची वळणे माहीत असलेला ड्रायव्हर लागतोच. संगणकातही कार्डाशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. कार्डाची बोली आणि टेलिफोन एक्सचेंजचे नियम, दोन्ही त्याला यावे लागतात. लिनक्ससाठी कार्डाच्या कंपन्या बहुधा असा प्रोग्रॅम देत नसत. म्हणून युरोपातील काही जणांनी तो स्वतः लिहिला. यान डेन ऑडेन यांनी टेलेस या कार्डांचा ड्रायव्हर लिहिला. त्याच्या आधारावर कार्स्टेन काइल यांनी अनेक कार्डांना चालणारा 'हायसॅक्स' उभा केला. फ्रिट्झ एल्फर्ट यांच्या पुढाकाराने वाढलेला 'आयएसडीएन फॉर लिनक्स' हा भाग 1996 च्या लिनक्स 2.0 मध्ये समाविष्ट होता.

कार्ड बसवणाऱ्याला बरेच काही हाताने सांगावे लागे. कार्डाचा प्रकार (टेलेस 16.3 साठी क्रमांक 3), एक्सचेंजचा नियम (युरोपीय पद्धतीसाठी 2), कार्डाचा पत्ता आणि व्यत्ययाचा क्रमांक. हा शेवटचा क्रमांक म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारण्याची घंटा. जुन्या संगणकात अशा घंटा 0 ते 15 एवढ्याच असत आणि बऱ्याचशा आधीच वाटलेल्या. दोघांनी एकच घंटा वाजवली की कार्ड गप्प!

जोडणी पटकन होण्याचा एक तोटाही होता. एखाद्या प्रोग्रॅमने सहज कुठलासा पत्ता विचारला तरी संगणक आपणहून फोन लावी, तोही आवाज न करता. बिल आले की मग कळे. पुढे आपोआप फोन लावणे बंद ठेवण्याची सोय करावी लागली.

याहून विचार करायला लावणारा प्रसंग मान्यतेचा. टेलिफोनच्या जाळ्याला जोडायच्या उपकरणाला अधिकृत मान्यता लागे. काही ठरावीक कार्डांसह हायसॅक्सला ती मिळाली. पण मान्यता होती तपासलेल्या मजकुरालाच. एक ओळ बदलली तरी मान्यता लागू नसल्याचा इशारा पडद्यावर येई. मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा, हे तर लिनक्सचे तत्त्व! सामाईक जाळ्याची सुरक्षितता की सुधारण्याची मोकळीक? दोन्ही बाजूंत तथ्य होते. तोडगा असा निघाला की बदलण्याची मोकळीक राहिली, फक्त बदल लपवता येत नव्हता.

आपल्याकडे 2005 मध्ये बीएसएनएलने ब्रॉडबँड आणले. त्याच तांब्याच्या तारेवरून कितीतरी अधिक बिट वाहू लागले आणि घरगुती आयएसडीएन मागे पडली. 2019 मध्ये लिनक्स 5.3 मधून हायसॅक्स काढून टाकला गेला, कारण तो वापरणारे आणि सांभाळणारे जवळजवळ उरले नव्हते. मात्र जुन्या आवृत्त्यांत त्याची ओळ न् ओळ आजही वाचता येते. बंद मजकुराचा ड्रायव्हर कंपनीबरोबरच नाहीसा होऊ शकतो.

त्या शिक्षकांना आम्ही सांगितले, कार्ड टाकू नका. ते वर्गात न्या आणि मुलांना दोन प्रश्न विचारा. 64 हजार हा आकडा कुठून आला? आणि तार गावात पोचली, तरी त्या तारेवरची सोय सगळ्यांपर्यंत का पोचत नाही? पहिल्याचे उत्तर गुणाकारात आहे. दुसऱ्याचे शोधायला मुलांना गावातल्या तारेच्या मागोमाग एक्सचेंजपर्यंत चालत जावे लागेल.